हॅलोताईची खोटी नोंद

तब्येत कशी आहे, असं कुणी विचारल्यावर तुम्ही शेवटचं खरं कधी बोललात? आठवून बघा, घाई नाही. अंगात कणकण असते, गुडघे ओरडत असतात, सकाळपासून घशाखाली घास उतरलेला नसतो, आणि आपण म्हणतो, "बरं आहे." विचारणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. त्याचं काम झालं, आपलंही झालं.

आता हे ऐका. आमच्या शहराने उन्हाळ्यात माणसं मरू नयेत म्हणून जी योजना आखली, तिचा अर्धा डोलारा ह्याच 'बरं आहे'वर उभा होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करायची. पारा चढला की दुपारी त्यांना फोन लावायचा. उचलला नाही तर पथक पाठवायचं. उचलला आणि 'बरं आहे' म्हणाले की कागदावर खूण करायची आणि पुढचा नंबर लावायचा. ही खूण करणारी बाई म्हणजे आमची हॅलोताई. गेल्या महिनाभरात तिच्याबद्दल वस्तीत, वर्तमानपत्रात आणि पालिकेच्या जिन्यावर जे बोललं गेलं, त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं अर्धवट आहे. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

तिचं हे नाव जुनं. एकोणिसाव्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. समोर भोकांची भिंत, दोन्ही हातांत वायरी, कानावर हेडफोन. इकडची वायर तिकडे खुपसायची आणि म्हणायचं, "हॅलो, बोला." अशी आठ वर्षं. पलीकडचा माणूस बसलाय, उभा आहे की बायकोपासून लपून बोलतोय, हे तिला श्वासावरून कळायचं. अजूनही कळतं, पैज लावून बघा. मग एक्स्चेंजमध्ये मशीन आलं आणि सगळ्या बायका एका दिवसात घरी गेल्या. ती एका मोठ्या दवाखान्याच्या फोनवर बसली. एकवीस वर्षांनी तिथेही मशीन आलं, 'अपघात विभागासाठी दोन दाबा.' "मशीन माझ्या मागेच लागलंय हो," ती म्हणते, "लग्नाचं विचारायचं असेल बहुतेक."

लग्न तर झालेलं आहे. नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, डोक्यावर पत्रा. खिडकीखालच्या खाटेवर सासूबाई. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. कोणत्या, ते सोयीप्रमाणे ठरतं.

पालिकेने काहीच केलं नाही, असं म्हणणारे आमच्या वस्ती समितीतही आहेत. ते आळशी आहेत, जाऊन बघत नाहीत. केलं ना! पिवळा, केशरी, लाल असे तीन इशारे ठरले. वाचनालयाच्या तळमजल्यावर थंड खोली उघडली. बसथांब्यांवर पाण्याच्या टाक्या आल्या. बांधकामावरच्या माणसांना बारा ते चार सावलीत बसवायचं ठरलं, आणि काही ठिकाणी खरंच बसवलं. पत्र्याच्या घरांना वरून पांढरा रंग मिळाला. हॅलोताईच्या घरालाही मिळाला. त्यासाठी आम्हाला तीनदा पालिकेच्या दारात ठिय्या मारावा लागला, पण मिळाला. आणि पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर 'उष्मा कक्ष' उघडला. सहा टेबलं, सहा फोन, सहा बायका, उन्हाळ्यापुरत्या. तिथला एसी इतका जबर की उष्मा कक्षातल्या बायका स्वेटर घालून बसायच्या. त्या एसीचं बाहेरचं धूड खाली दाखल्यांसाठी उभ्या असलेल्या रांगेवर गरम वाफ सोडायचं. आम्ही अर्ज दिला. उत्तर आलं, 'बाब विचाराधीन आहे.' रांग अजून तिथेच उभी राहते.

प्रत्येकीला दिवसाला एकशे वीस नंबर, अकरा ते पाच. बोलायचं काय, तेही छापून दिलेलं. "नमस्कार, पालिकेच्या उष्मा कक्षातून बोलते आहे. आपण कसे आहात? भरपूर पाणी प्या. धन्यवाद." पुढे दोन चौकटी, 'उचलला' आणि 'उचलला नाही'. फोन उचलणाऱ्या माणसालाही काही होऊ शकतं, हे कागद छापणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

हॅलोताईच्या यादीत चव्वेचाळिसावा नंबर एका मास्तरीणबाईंचा. वय एकोणऐंशी, तिसरा मजला, एकट्या. रोज फोन उचलायच्या आणि खेकसायच्या, "जिवंत आहे. झालं तुमचं?" आणि फोन आपटायच्या. केशरी इशाऱ्याच्या एका दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"कोण? अगंबाई, किती छान केलंस फोन केलास! मी अगदी मजेत आहे हो. घंटा झाली की मुलांना सोडते आणि मग आपण निवांत बोलू. तू पण पाणी पी हं, राजा."

हॅलोताईला हसू आलं. आज स्वारी खुशीत दिसते, असं म्हणून तिने 'उचलला'वर खूण केली आणि पंचेचाळिसावा नंबर लावला.

मास्तरीणबाईंना शाळा सोडून वीस वर्षं झाली होती.

संध्याकाळी त्या शेजारणीला सापडल्या. लोखंडी पलंगाला हात लावला तर चटका बसत होता. डॉक्टरने दुसऱ्या दिवशी सांगितलं की उष्माघाताने डोकं बिघडलं की असंच होतं, माणूस भलतंच बोलतं, कधी गोड, कधी सैरभैर, आणि आपल्याला काही झालंय हेच त्याला उमगत नाही. उष्मा कक्षाच्या साहेबांनी धावत येऊन कागद काढला, बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा सैल पडला.

"ताई, नोंद आहे तुमची. दोन वाजून दहा. संपर्क झालेला आहे. आपल्यावर काही येत नाही."

ह्या चार शब्दांनी हॅलोताईची झोप, भूक, बसणं, सगळं नेलं. घरी आली की एकच टोप तीनतीनदा घासायची. दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायची, इतक्या की खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, वर सामान हलवताय का. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा ती उभ्याउभ्याच बोलली. "आठ वर्षं मी श्वासावरून माणूस ओळखलं. आणि ही बाई, जी रोज मला हाडतहुडत करायची, ती मला राजा म्हणाली, तरी माझी ट्यूब पेटली नाही. कारण मी ऐकत नव्हते, खुणा करत होते. आता माझ्या खुणेखाली दुसरं माणूस जाता कामा नये. मग नोकरी राहू दे नाहीतर जाऊ दे."

सासूबाई हे सगळं खाटेवरून बघत होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "तो टोप झिजला गं. सोड त्याला."

"आई, आज नको."

"आज नको तर कधी? शंभर म्हाताऱ्यांना रोज विचारतेस, कशा आहात, कशा आहात. मला कधी विचारलंस?"

"कशा आहात?"

"बरी आहे."

हॅलोताई टोप घेऊन मोरीकडे वळली, तशी म्हातारी खुदकन हसली. "बघ, फसलीस! सकाळपासून डोकं गरगरतंय माझं. पण तुला सांगितलं तर तू दवाखान्यात नेणार, ते सुया टोचणार, ठेवून घेणार. कोणती म्हातारी सांगेल तुला खरं?"

हॅलोताईने टोप टाकला. आधी सासूबाईंना मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ओला टॉवेल मानेवर ठेवला, पंख्याची दिशा बदलली. मग खाटेच्या कडेवर बसली आणि विचारलं, "मग मी विचारू तरी काय?"

"विचारू नकोस. भांड. माझ्याशी भांडतेस तशी. ज्या दिवशी मी उलट बोलणार नाही, त्या दिवशी खुशाल डॉक्टर आण."

दुसऱ्या दिवशी हॅलोताईने छापील कागद उलटा ठेवला. मास्तरीणबाई गेल्यावर उरलेल्या एकशे एकोणिसांपैकी जे सगळ्यात वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली एकटे राहतात, असे त्रेसष्ट निवडले. बाकीच्या छप्पन्नांना तिने चाळीस-चाळीस सेकंदांत उरकलं. ते तिला टोचत राहिलं, अजून टोचतं. पण त्रेसष्ट जणांशी तिने रीतसर भांडण उकरून काढलं. कुणाची कोणती कळ कुठे आहे, ते वहीत लिहून ठेवायची.

एक शिंपीणबाई होत्या. त्यांना ही म्हणायची, "तुमची शिवण दुसऱ्या धुण्यात उसवते असं ऐकलं." तिकडून स्फोट व्हायचा, "कोण म्हणतं? नाव सांग! जीभ शिवते त्याची!" ठीक, पुढे.

एक निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांना नुसतं सांगायचं, "मी आयुष्यात कधी तिकीट काढलं नाही." मग ते पाच मिनिटं कायदा शिकवायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुमच्यासारख्यांना मी भर दुपारी मधल्या स्टेशनवर उतरवायचो!"

आणि एक घड्याळजी. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, चौथा मजला, डोक्यावर थेट गच्ची. दुकान गेलं तरी टेबल, भिंग आणि चिमटे खोलीत. पहिल्यांदा हॅलोताईच्या तोंडून सहज निघालं, "आजोबा, सव्वा एक झाला, पाणी प्या." तर ते उसळले.

"सव्वा? एक वाजून नऊ मिनिटं झालीत. पालिकेला सहा मिनिटं कुणी बक्षीस दिली?"

तेव्हापासून ती त्यांना रोज मुद्दाम चुकीची वेळ सांगायला लागली. ते रोज अंगावर पाल पडल्यासारखे उडायचे. "पोरी, तुझ्या घड्याळाची चावी संपलीय की डोक्याची?" हे ऐकलं की तिला बरं वाटायचं. खूण करायची.

पण एका भांडणाला पाच-सहा मिनिटं लागतात. अकरा ते पाचचं काम साडेसहापर्यंत जायला लागलं. साहेबांनी बोलावून घेतलं.

"ताई, हे काय चाललंय? एका बाईंनी विचारलंय, पालिका भांडायचा पगार देते का म्हणून."

"कोण, शिंपीणबाई ना? मग ठीक आहेत त्या. लिहून घ्या."

"थट्टा नको. बाकीच्या जणी दीड मिनिटात एक फोन संपवतात."

"साहेब, दीड मिनिटात माणूस खोटंच बोलतं. खरं बोलायला वेळ लागतो."

साहेब वाईट माणूस नाहीत. मी त्यांच्याशी अकरा वेळा भांडलेलं माणूस आहे, तरी सांगते. त्यांच्याकडे वरून रोज आकडा मागतात, आणि आकडा मागणाऱ्याला भांडण देऊन चालत नाही. आठवड्याभराने त्यांनी उपाय आणला. मशीन.

यादी वाढवून दहा मिनिटांत चार हजार फोन. गोड, धुतलेला आवाज. "आपण बरे असाल तर एक दाबा. मदत हवी असेल तर दोन दाबा." फोटो निघाले, फीत कापली. सहा बायकांना फोनवरून उठवून कॉम्प्युटरसमोर बसवलं, मशीनने आणलेले आकडे लावून ठेवायला. हॅलोताई फक्त शेजारच्या टेबलावरचीला म्हणाली, "तिसऱ्यांदा आलं बघ मागणं घेऊन."

मग लाल दिवस आला. सकाळी दहालाच रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. चौकातल्या पोलिसाने मानेवर ओला रुमाल टाकला होता, तो पाच मिनिटांत कडक होत होता. वाचनालयाच्या थंड खोलीत बसायला जागा नव्हती, लोक पुस्तकांच्या कपाटांना पाठ लावून जमिनीवर बसले होते. पारा सेहेचाळीसवर होता. मशीन एक वाजता चाललं. सव्वा वाजता साहेब फोनवर वर सांगत होते, "तीन हजार आठशे लोकांनी एक दाबलाय सर. पंच्याण्णव टक्के शहर बरं आहे."

हॅलोताई खुर्चीत काट्यांवर बसल्यासारखी बसली होती. पडद्यावर सगळं हिरवं. एक, एक, एक, एक. मास्तरीणबाई असत्या, तर त्यांनीही एकच दाबला असता. ती उठली, वही आणि स्वतःचा मोबाईल घेतला आणि जिन्यात गेली. तिथे एसी नाही, भिंती तापलेल्या. पहिला फोन घरी.

"मेले नाही अजून," सासूबाई म्हणाल्या. "ठेव, डोळा लागत होता."

ठीक. दुसरा, तिसरा, सहावा. शिंपीणबाई भांडल्या नाहीत, नुसत्या रडल्यासारख्या हुंकारल्या. हे खटकलं. तिकीट तपासनीस काही बोललेच नाहीत, नुसतं अं अं झालं आणि फोन बंद. हेही खटकलं. ती पुढचे नंबर लावत गेली, घाम कोपरावरून वहीवर पडत होता. एकोणिसावा नंबर घड्याळजींचा. तेव्हा दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"आजोबा, एक वाजला. जेवलात का?"

"हो का? बरं बरं. एक वाजला. छान झालं."

तिने पुन्हा डिवचलं. "आजोबा, एक वाजलाय."

"हो पोरी. तू म्हणतेस तर वाजलाच असेल."

"त्या तापलेल्या जिन्यात मला हुडहुडी भरली," हॅलोताई नंतर सांगत होती. ती धावत आत गेली.

"साहेब, गाडी पाठवा. घड्याळजींकडे. आत्ता."

साहेबांनी पडदा बघितला. "त्यांनी तर एक दाबलाय. हिरवं आहे."

"ते माझ्याशी भांडले नाहीत."

"काय?"

"मी चुकीची वेळ सांगितली आणि ते हो म्हणाले! साहेब, तो माणूस मरताना पण हो म्हणायचा नाही."

"ताई, मी वर काय लिहून देऊ? सदर इसम भांडला नाही, सबब पथक रवाना?" साहेबांचा आवाज चढला. "दोन गाड्या आहेत, दोन! ज्यांनी उचलला नाही त्यांच्याकडेच त्या पुऱ्या पडत नाहीयेत. नियम आहे तो." आणि त्यांचा फोन वाजला, वरून. ते खिडकीकडे वळले.

हॅलोताई आपल्या कॉम्प्युटरवर बसली. घड्याळजींच्या नावापुढचा एक खोडला. तिथे लिहिलं, 'उचलला नाही'. यादीत नाव सगळ्यात वर नेलं. हात तिथेच होते म्हणून शिंपीणबाईंचंही तसंच केलं आणि तिकीट तपासनिसांचंही. सगळं मिळून मिनिटभराचं काम. मग गाडीच्या ड्रायव्हरला स्वतःच फोन लावला.

"काका, पहिला पत्ता चौथा मजला आहे, लिफ्ट नाही. पळत जा."

"ताई, ह्या उन्हात पळत?"

"पळत."

पुढचं पथकातल्या सिस्टरने सांगितलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत घड्याळजी लोकरीचा कोट घालून जमिनीवर बसले होते. समोर पाण्याची बादली. शेजारी टेबलावरची सगळी घड्याळं ओळीने मांडलेली, आणि ते एकेक उचलून अलगद पाण्यात सोडत होते. "तापलीत बिचारी," ते सिस्टरला म्हणाले, "जरा निवू दे." चाळीस वर्षांत ज्या माणसाने टेबलावर पाण्याचा पेला ठेवू दिला नाही, तो! सिस्टरने कपाळाला हात लावला आणि त्यांना तसंच उचलून खाली उतरवलं. दवाखान्यात बर्फाच्या टबात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. नऊ दिवसांनी ते घरी आले. बादलीतली सात घड्याळं गेली ती गेलीच.

शिंपीणबाईंच्या नळाला सकाळपासून पाणी नव्हतं, दिवसभर घोटभरही प्यायल्या नव्हत्या, उठायचं त्राण नव्हतं. त्यांना तिथेच पाणी पाजून सावरलं. ह्या नोंदीला अर्धी खरी म्हणा.

तिसरी नोंद साफ चुकली. तिकीट तपासनीस ठणठणीत होते. फोन आला तेव्हा त्यांचे दात पेल्यात होते म्हणून बोलता आलं नव्हतं. पथक आलं तेव्हा ते अंघोळ करत होते. कुणी दार उघडेना म्हणून ड्रायव्हरने खांदा मारून कडी तोडली, आणि समोर साबणाने माखलेला, बिनदाताचा, संतापलेला माणूस पंचा सावरत उभा. त्या क्षणी त्यांना धड ओरडताही येईना. दात बसवल्यावर त्यांनी चार पानी तक्रार लिहिली.

तक्रारीवरून चौकशी लागली. मशीनमध्ये सगळं राहतं. एक दाबलेला, एक खोडलेला, कुणाच्या कॉम्प्युटरवरून, किती वाजता. वर्तमानपत्राने छापलं, 'उष्मा कक्षात बनावट नोंदी'. बादलीतली घड्याळं छापली नाहीत. साहेबांनी हॅलोताईला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, लिहून द्या, नजरचुकीने झालं. मी मिटवतो. पुढच्या उन्हाळ्यात परत घेतो तुम्हाला, शब्द देतो."

तिने पेन मागितलं. कागदावर तीन वाक्यं लिहिली. 'नोंद खोटी होती. नजरचूक नव्हती. तसंच वाटलं तर पुन्हा करीन.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे काय लिहिलंत?"

"ह्या खोलीत एक तरी कागद खरा असू दे, साहेब."

तिसऱ्या दिवशी तिला घरी बसवल्याचं पत्र आलं.

आम्ही मोर्चाची तयारी केली. फलक रंगवला, 'घड्याळजींना वाचवणाऱ्या ताईला परत घ्या.' ती जिन्यात उभं राहून वाचत होती. म्हणाली, "मग मास्तरीणबाईंचंही नाव टाका त्यावर. त्या माझ्याच हातून गेल्या." आम्ही म्हटलं, अगं, फलकावर असं लिहीत नाहीत. "मग नका लिहू," ती म्हणाली आणि वर निघून गेली. फलक गुंडाळून ठेवला आहे. राग आला तिचा, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी उतरला.

मशीन चालूच आहे. पालिकेशी आमचं भांडणही. कागदावर 'उचलला, पण ठीक नाही' अशी तिसरी चौकट हवी, तिसरी गाडी हवी, माणसाशी माणसाने बोलायला हवं. बैठक पुढच्या महिन्यात आहे. पारा त्या बैठकीची वाट बघत बसणार नाही.

हॅलोताई आता घरून फोन करते, बारा ते चार, स्वतःच्या मोबाईलवरून. त्या त्रेसष्ट जणांना तिने एकेकाला विचारलं, मी फोन करत राहू का. एकसष्ट हो म्हणाले. एक मुलाकडे राहायला गेले. तिकीट तपासनीस म्हणाले, "आधी माझी कडी बसवून द्या, मग बघू." कडी बसवली, आता तेही आहेत. बातमी छापल्यापासून अनोळखी लोकांचे फोन येतात, माझ्या आईला लावाल का, माझ्या काकांना लावाल का. यादी एकशे नव्वदवर गेली आहे. तिच्याच्याने दिवसाला चाळीस होतात. घसा बसलाय. फोनवर बोलताना ती बसत नाही, दोन खोल्यांत चालत असते, आणि चार वाजले की न लावलेल्या नावांवरून बोट फिरवत राहते. आज एकशे पन्नास राहिली. काल तेवढीच राहिली होती. उन्हाळ्याचे पाच आठवडे अजून बाकी आहेत.

आम्ही लोकांकडे मागत नाही, सहसा भांडून घेतो. पण आज मागते आहे. ह्या यादीतली दोन माणसं घ्या. दोनच, पाच आठवड्यांसाठी. सकाळी दहाला तिच्या जिन्यात कुणीही आलं तरी ती दोन नावं देते आणि कोण कशावर चिडतं तेही सांगते. लांब राहत असाल तर तिथवर येऊ नका, त्या वेळात आपल्याच इमारतीचा जिना शेवटपर्यंत चढा. गच्चीखालच्या खोलीत एकटं कोण राहतं, हे तुम्हाला माहीत नसेल तर आधी लाज वाटू द्या आणि मग दार वाजवा. नंबर मागून घ्या, आणि उद्या दुपारी दोन वाजता, तुम्हाला स्वतःला पंख्याखालून उठावंसं वाटत नसेल नेमकं तेव्हा, उठा आणि त्यांना फोन लावा.